उसना श्वास

मोहाडखाणमध्ये चपला उलट्या काढायची पद्धत होती. घरात शिरताना माणूस दारात वळायचा आणि चपलांची टोकं बाहेरच्या दिशेला करून ठेवायचा. पळायची वेळ आली तर पाय थेट आत सरकावेत, एवढाच हेतू. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आधी हसू यायचं. कारण कळलं की तेही गुपचूप आपली जोडी फिरवून ठेवायचे.

गावाखाली कोळसा जळत होता. जुन्या भूमिगत खाणी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण आत राहिलेला कोळसा तसाच होता. कोळशाला हवा लागली की तो आपोआप हळूहळू तापतो आणि ती उष्णता बाहेर पडायला जागा मिळाली नाही की एक दिवस पेट घेतो. वरच्या जमिनीला भेगा पडल्या, भेगांतून हवा आत गेली आणि आग बोगद्याबोगद्यातून सरकत राहिली. वर कुठे ज्वाळा दिसत नव्हत्या. विहिरीचं पाणी कोमट लागायचं, ऐन पावसाळ्यात एखाद्या पट्ट्यातलं गवत वाळून जायचं, जळक्या गंधकाचा वास यायचा आणि मग कधीतरी एखादा ओटा, एखादा हातपंप, एकदा तर दावणीच्या म्हशीसकट अख्खा गोठा खाली जायचा. दुसरीकडे नवं गाव वसवायचं मंजूर झालं होतं. आताची मुलं पाळण्यात असल्यापासून ते मंजूरच होतं.

अशा गावात वाढणाऱ्या मुलांसाठी दोन हजार चाळीस साली 'सोबत' हा उपक्रम सुरू झाला. अधिकाऱ्यांच्या जुन्या क्लबात, जिथे पूर्वी टेबल टेनिस चालायचं, तिथे दर शनिवारी सात मुलं गोल करून बसायची. रोहिणी खोब्रागडे या त्यांच्या समुपदेशक. मुलं त्यांना रोहिणीताई म्हणायची.

"पुस्तकांत लिहिलेले बहुतेक उपचार संकट येऊन गेल्यानंतरचे आहेत," त्यांनी पहिल्याच दिवशी पालकांना सांगितलं होतं. "भूकंप झाला, संपला, आता मनाला सांगायचं की बाबा रे, संपलं. पण इथं संपलंच नाही, तर मुलांना खोटं कसं सांगू? मी त्यांना भिऊ नका असं म्हणणार नाही. चोवीस तास भीत राहिलं की शरीर आतून झिजतं. झोप जाते, अभ्यास जातो, पोट बिघडतं. त्यांच्या शरीराला थोडी विश्रांती मिळावी, एवढंच मला पाहिजे."

त्यासाठी यंत्र होतं. प्रत्येकाच्या मनगटावर एक राखाडी पट्टा असायचा. घामातली ताणाची रसायनं, नाडी आणि श्वासाची लय तो सतत टिपायचा. यंत्रामागचं तत्त्व साधंच होतं. माणसं जवळ बसली की त्यांची शरीरं नकळत एकमेकांच्या लयीत येतात. रडणाऱ्या बाळाला शांत आईने छातीशी धरलं की त्याचे ठोके आईच्या ठोक्यांमागे जाऊ लागतात, तसंच. आईला हे जमायला वेळ लागतो, यंत्र ते चटकन घडवायचं. गोलात बसलेल्यांपैकी सगळ्यात शांत शरीर कोणाचं ते शोधायचं आणि त्या शरीराच्या श्वासाची लय बाकीच्यांच्या मनगटांवर हलक्या दाबाने उमटवायची. दाब वाढला की श्वास आत, सैल झाला की बाहेर. मध्यभागी ठेवलेल्या दिव्यात सात फाका होत्या. ताण असला की फाक केशरी, उतरला की निळी.

पहिल्या शनिवारपासून एक फाक निळीच होती. ती शर्वरी पिंपळशेंडेची.

शर्वरी अकरावीत होती. तिचे वडील मधुकर खाणीच्या कंपनीत सर्व्हेअर होते, म्हणजे जमिनीखालची मोजणी करून नकाशे काढणारे. कोणी काहीही सांगो, बाहेर धडाम आवाज होवो, शर्वरीची फाक रंग बदलत नसे. यंत्र दर वेळी तिचीच लय उचलायचं आणि मग हळूहळू बाकीच्या सहा फाका निवत जायच्या. कामगारांच्या चाळींत, म्हणजे लाइनमध्ये, राहणारी निलोफर शेख बोलताबोलता थांबायची, खांदे खाली यायचे. "आली शर्वरी," असं ती डोळे मिटून म्हणायची आणि सगळे हसायचे.

शर्वरीला ते आवडायचं. शाळेत ती साधारण होती, गाणं नाही, खेळ नाही. इथे मात्र सहा जणांच्या मनगटांत तिचा श्वास चालायचा.

सगळ्यात केशरी फाक कार्तिक गड्डमची. पंधरा वर्षांचा, काटकुळा, चार नंबर लाइनमध्ये राहणारा. त्याचे आजोबा राजलिंगम तेलंगणातून इथे खाणीत कामाला आले ते इथलेच झाले. आता त्यांची फुप्फुसं कोळशाच्या धुळीने निकामी झाली होती, चालवत नव्हतं. कार्तिक त्यांना 'तात' म्हणायचा. वास आला की तो तातना पाठुंगळी घ्यायचा आणि लाइनच्या टोकाच्या चिंचेखाली नेऊन बसवायचा. वास जाईपर्यंत दोघे तिथेच. त्याचं हे किती वेळा झालं असेल, सांगता येत नाही. लाइनमधली पोरं त्याला ॲम्ब्युलन्स म्हणून चिडवायची.

"तातच म्हणतात, अरे, मले आदळशील एखाद्या दिवशी," कार्तिक गोलात सांगायचा. "पण वास आला का माह्याच्यानं बसवतच नाही, ताई. मी काय करू?"

रोहिणीताई दिव्याकडे बघायच्या, शर्वरीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आता काहीच करू नकोस. फक्त मनगटाकडे लक्ष दे."

शर्वरी शांत होती यात तिचं काहीच कर्तृत्व नव्हतं.

आठवीत असताना तीही इतरांसारखीच होती. ताट वाजलं तरी दचकायची. बाजारातला हातपंप खाली गेला त्या आठवड्यात तिने जेवण सोडलं, कपडे बदलायला बाथरूममध्ये जायलाही ती तयार होईना. आई रडकुंडीला आली. तेव्हा मधुकरने तिला अंगणात नेलं, दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं.

"शरू, ऐक. कोळसा काढताना वरचं छत कोसळू नये म्हणून मध्ये मध्ये कोळशाचेच जाड खांब सोडतात. मग खाण बंद करायच्या आधी काही ठिकाणी तेही खांब काढून घेतात आणि तिथे वाळू भरतात. आपल्या कॉलनीखालचे खांब काढलेलेच नाहीत. अधिकाऱ्यांचे बंगले होते ना वर. आपण दगडावर बसलोय म्हण ना. इथे काही होणार नाही."

"आणि लाइनमध्ये?"

"तिथले काढलेत. वाळू भरायची होती, पण सगळीकडे भरली गेली नाही."

"मग त्यांना सांगा ना बाबा."

"मी वर कळवलंय. वरून सांगितलं, बोभाटा करू नका, नवं गाव होतच आहे, तोवर लोक बिथरतील." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी नोकरी जाईल, शरू. हे घर जाईल. तू कोणाला बोलायचं नाही. तुला झोप यावी म्हणून सांगितलं."

त्या रात्री तिला झोप आली. पुढेही येत राहिली. लाइनचं काय, हा प्रश्न सुरुवातीला तिला टोचायचा. मग नवं गाव होणारच आहे, असं ती स्वतःला सांगू लागली. काही महिन्यांनी तेही सांगावं लागेनासं झालं.

जानेवारीत 'सोबत'चा पहिला अहवाल आला आणि सगळे खूश झाले. मुलांची शाळेतली हजेरी वाढली होती, औषधं कमी झाली होती. नागपूरहून आरोग्य खात्याचे लोक पाहायला आले, त्यांनी शर्वरीचा फोटो घेतला. त्यानंतर पट्टा घरी न्यायची परवानगी मिळाली. गोल जमलेला नसतानाही पट्ट्यात साठवलेली लय वापरता येणार होती. ताण वाढल्याचं कळलं की पट्टा आपोआप दाब द्यायला लागणार. साठवलेली लय अर्थात शर्वरीची होती.

त्या दिवशी क्लबातून परतताना कार्तिक तिच्याबरोबर फाट्यापर्यंत आला.

"एक विचारू? तू काय करते गं? म्हणजे आतून. वास आला, जमीन हलली, तवा तू मनात काय म्हणते?"

शर्वरीच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. तो इतक्या आशेने बघत होता की तिला ते सांगता आलं असतं. पण मग तिची ती निळी फाक, रोहिणीताईंचं ते बघणं, नागपूरच्या लोकांनी काढलेला फोटो, या सगळ्याचं काय झालं असतं?

"मी आकडे मोजते," ती म्हणाली. "श्वास घेताना मोजायचे, सोडताना मोजायचे. मोजत राहिलं की भीती निघून जाते."

"बस, एवढंच?"

"एवढंच. सवय पाहिजे."

"मी करतो," कार्तिक म्हणाला. आणि त्याने खरंच केलं. मार्चपर्यंत त्याची फाक निळसर व्हायला लागली. वास आला तरी तो तातना उचलून पळेनासा झाला. त्याची आई कंपनीच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. तिने रोहिणीताईंचे हात धरून आभार मानले. "पोरगं माणसात आलं ताई," ती म्हणाली. शर्वरी तिथेच उभी होती. कार्तिकच्या आईने तिच्याही गालावरून हात फिरवला. त्या हाताला पिठाचा वास होता. शर्वरीने मान खाली घातली आणि सगळ्यांना वाटलं, पोरगी लाजली.

मे महिन्यात, भर दुपारी, चार नंबर लाइनची तीन घरं खाली गेली.

आवाज फार मोठा नव्हता. शर्वरी स्वयंपाकघरात होती. ताटं हलली नाहीत, फक्त खिडकीची काच थरथरली. मग धूर दिसला, पांढरा, वाफेसारखा. मग माणसं धावताना दिसली. धोक्याचा भोंगा वाजला नाही. भोंग्याला जोडलेली, जमिनीची हालचाल टिपणारी उपकरणं ज्या भागांत बसवली होती त्यांत चार नंबर लाइन नव्हती.

दोन घरांत कोणी नव्हतं. तिसरं गड्डमांचं होतं. कार्तिक पुढच्या खोलीत होता. त्याला शेजाऱ्यांनी हात धरून ओढून काढलं, त्याचे दोन्ही तळवे भाजले होते. तात मागच्या खोलीत खाटेवर होते. मागची खोली उरलीच नव्हती.

मधुकर संध्याकाळी घरी आला तो धुळीने माखून. तो दिवसभर तिथेच होता, दोर लावून जागा बंद करत. शर्वरी दारात उभी होती.

"बाबा, कार्तिकचं घर."

"माहीत आहे."

"तुम्हाला माहीत होतं."

"तुलाही होतं," मधुकर म्हणाला. म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. त्याला तसं म्हणायचं नव्हतं. सोळा वर्षांच्या मुलीला तसं कोणी म्हणू नये. पण शब्द बाहेर पडले होते आणि ते खरे होते.

आतून आई म्हणाली, "तिला कशाला बोलता? तिचा काय दोष?" मधुकर न्हाणीघरात गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. शर्वरीने आपल्या मनगटाकडे पाहिलं. पट्टा तिच्याच श्वासाची जुनी लय तिला परत देत होता. तिने तो काढून कपाटाच्या आत फेकला.

पुढच्या शनिवारी गोल बसला. क्लबच्या मैदानावर आता लाइनमधल्या काही लोकांचे तंबू होते. ते बाहेर बसले होते आणि आतलं ऐकू येऊ नये म्हणून रोहिणीताईंनी दार ओढून घेतलं. शर्वरी यायला तयार नव्हती. रोहिणीताईंनी फोन केला होता, "आज त्यांना तुझी सगळ्यात जास्त गरज आहे." त्यांना ते वाक्य कुठे लागणार आहे याची कल्पना नव्हती. शर्वरी आली, कपाटातला पट्टा बांधून.

दिवा लागला. सहा फाका गर्द केशरी. सातवीही केशरी.

यंत्राने नेहमीसारखं शोधलं आणि त्याला कोणीच सापडेना. सगळ्यांच्या मनगटांवर दाब यायचा, अर्ध्यात सुटायचा, पुन्हा यायचा. निलोफरने वर पाहिलं. "शर्वरी? काय झालं तुला?"

कार्तिकच्या हातांना पट्ट्या बांधल्या होत्या. तो इतका वेळ दिव्याकडेच बघत होता. आता शर्वरीकडे वळला.

"मले एक सांग," तो म्हणाला. आवाज अगदी साधा, वर्गात गणित विचारावं तसा. "मी कुठं चुकलो? वास आला होता. सकाळपासनं येऊन राहिला होता. फरशीपण गरम लागली. पट्टा दाबून राहिला होता अन् मी मोजून राहिलो होतो. आत घेताना चार, सोडताना सहा. तात म्हणाले, कार्तिक, आज नेत नाही का रे मले? मी म्हटलं, थांबा तात, जाते आता भीती. मी बसून राहिलो. मोजत. चार-सहा चूक होतं का? तू किती मोजत होती? मले फक्त एवढं सांग."

शर्वरीला वाटलं, आत्ता जमीन फाटावी. आणि लगेच तिला आठवलं की आपल्याखालची जमीन फाटणार नाही. हेच तर सगळं होतं.

"मी मोजत नव्हते," ती म्हणाली.

"काय?"

"मी कधीच काही मोजलं नाही. मी खोटं सांगितलं." ती थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. "आमच्या घराखाली कोळशाचे खांब शाबूत आहेत. बाबांनी सांगितलं होतं. आमचं घर खाली जाणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी भीत नव्हते. बाकी काही नाही."

निलोफरने विचारलं, "अन् आमच्याखाली?"

"काढलेत."

"तुले माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"आठवीपासून."

निलोफरने पट्ट्याचं बटण काढलं. पट्टा खाली ठेवला आणि ओढणीच्या टोकाने मनगट पुसायला लागली, काही घाण लागलेली असावी तशी. पुसतच राहिली. बाकीच्यांनीही एकेक करून पट्टे काढले. कोणी ओरडलं असतं, एखादी थप्पड मारली असती, तर शर्वरीला बरं वाटलं असतं. ती तशीच बसली. चेहरा, कान, मान, सगळं पेटल्यासारखं झालं होतं.

कार्तिक स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला, "म्हणजे मले जी भीती वाटत होती, ते बरोबरच होती."

रोहिणीताईंनी उठून दिवा बंद केला. "कार्तिक," त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला मी सांगितलं होतं की तू सुधारतो आहेस. यंत्राला शांत शरीर कळत होतं. ते शांत का आहे, हे त्याला विचारता येत नव्हतं. पण मला येत होतं. मी कधीच विचारलं नाही, कारण आकडे चांगले येत होते." त्या आणखी काही म्हणणार होत्या, पण मुलं उठली होती.

दार उघडलं, तेव्हा तंबूतल्या लोकांना लाइनखालच्या खांबांचं कळायला वेळ लागला नाही.

सोमवारी कंपनीच्या फाटकाशी गर्दी जमली. मधुकरला आत थांबायला सांगितलं होतं. तो बाहेर आला. काय बोलला ते शर्वरीला नंतर इतरांकडून कळलं. त्याने एकेक लाइनचं नाव घेऊन कुठे काय आहे ते सांगितलं होतं आणि कोणीतरी फेकलेला चहाचा पेला त्याच्या कपाळाला लागला होता. त्याच दिवशी त्याला निलंबित केलं. त्याच आठवड्यात चार आणि पाच नंबर लाइन रिकामी झाली. पक्की जमीन कुठे आहे हे आता सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून तंबू बंगल्यांच्या हिरवळीवर लागले, शर्वरीच्या कॉलनीतल्या सी टाइप क्वार्टरांच्या अंगणांत लागले. शर्वरीच्या दारातही एक लागला. त्यात राहणारी बाई रोज सकाळी त्यांच्या नळावर पाणी भरायची आणि एकदाही मान वर करून बघायची नाही.

शर्वरी घराबाहेर पडेनाशी झाली. आईने तिला नागपूरला मामाकडे पाठवायचं ठरवलं. बॅग भरून झाली होती.

निघायच्या आदल्या सकाळी घराच्या फाटकाशी कार्तिक उभा होता. हातांच्या पट्ट्या निघाल्या होत्या, तळव्यांची कातडी गुलाबी आणि ताणलेली दिसत होती.

"ताईंनी पाठवलं?" शर्वरीने दारातूनच विचारलं.

"नाही. मीच आलो. काका आहेत का?"

मधुकर मागे येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, कपाळावर खपली.

"काका, शनिवारी आमच्याकडं या," कार्तिक म्हणाला. "आम्ही बसतो अजून. दिवा नाही, पट्टे नाहीत, तसंच बसतो. पण कोणी काही बोलतच नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकच आहे, आपल्याखाली काय आहे. फाटकापाशी तुम्ही मोठ्या माणसांले सांगितलं. आम्हाले कोणी सांगितलं नाही. नीट सांगा."

मधुकरने भिंतीला हात टेकला. "बाळा, मी तुझ्यापुढे कोणत्या तोंडाने येऊ?"

"तोंड नका दाखवू," कार्तिक म्हणाला. "सांगा फक्त." मग शर्वरीकडे न बघता म्हणाला, "तिलेही आणा."

शनिवारी मधुकर क्लबात गेला. नागपूरला जाणं पुढे ढकलून शर्वरीही त्याच्या मागे. मुलांनी सरकून जागा केली, पण कोणी 'ये' म्हणालं नाही. निलोफरच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे शर्वरी बसली.

मधुकर गुडघ्यांवर बसला आणि खडूने फरशीवर काढायला लागला. रेल्वे फाटक, बाजार, शाळा, लाइनी. मग एकेक मूल विचारायला लागलं. आमच्याखाली? तो सांगायचा. खांब आहेत, पण बारीक झालेत. पाऊस पडला की जपा. खांब नाहीत, वाळू आहे. आग अजून लांब आहे, पण तुमच्या दिशेने येते आहे. कोणत्या बाजूला पळायचं, तेही तो सांगायचा. शाळेकडे नाही, रेल्वे फाटकाकडे. एका मुलाचा पाय थडथड उडायला लागला. एक मुलगी रडायला लागली. रोहिणीताईंनी तिला थोपटलं नाही, नुसत्या तिच्याजवळ जाऊन बसल्या. कोणी कोणाला शांत केलं नाही.

शेवटी कार्तिकने विचारलं. "तातच्या खोलीखाली?"

मधुकरचा खडू थांबला. "तिथे खांब नव्हता. वाळू भरायची राहिली होती."

"हे कोणाले माहीत होतं?"

"मोजणी माझीच होती," मधुकर म्हणाला.

शर्वरीला वाटलं, उठून बाहेर जावं. वडिलांकडे बघवत नव्हतं आणि कार्तिककडे तर त्याहून नाही. तिने हात मांडीवर घट्ट धरले, तरी ते थरथरत होते.

कार्तिकने फरशीवरच्या शेवटच्या रेषेवर बोट ठेवलं. म्हणाला, "पुढची लाइन दाखवा. त्या लाइनमधले पोरं येत नाहीत इथं. मी जाऊन सांगतो."

मधुकर पुन्हा काढायला लागला.

"तुझे हात काऊन थरथरून राहिले?" निलोफरने हळूच विचारलं. "तुझ्याखाली तर खांब आहे."

"लाज वाटते," शर्वरी म्हणाली.

निलोफरने तिच्याकडे पाहिलं. हात हातात घेतला नाही. पण ती होती तिथून सरकलीही नाही.

"वाटू दे," ती म्हणाली आणि पुन्हा फरशीकडे बघायला लागली.